काकांची एल्डोराडो: देण्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदी

२० एप्रिल २०२४, शनिवार

काकूच्या गराजचं दार उघडायला दोघं लागलो. आत १९७६ची कॅडिलॅक एल्डोराडो कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणारी, ताडपत्रीखाली. २०१७च्या ऑक्टोबरात काकांनी आत लावली ती शेवटची. नंतर गुडघे, मग डोळे, गेल्या वर्षी काकाच गेले. काकूला गाडी ठेवायची नाही आणि विकायचीही नाही. शहराच्या पूर्व भागात मोफत जेवण देणारी एक संस्था आहे, काका दर थँक्सगिव्हिंगला तिथे वाढायला जायचे. त्यांना द्यायची. "कागदपत्रं तू बघ," एवढंच म्हणाली.

पहिली पाहणी: रंग पांढरा, आतलं चामडं लाल. मीटरवर ६१,००० मैल, पण मीटर पाच आकडी आहे, एक लाख झाल्यावर पुन्हा शून्यावर येणारं. इथे मात्र ६१च खरे, काकांची पेट्रोलची वही आहे. तळाला गंज नाही म्हणावा इतका कमी. काकांनी डेट्रॉईटच्या बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर हिवाळ्यात ती कधी काढलीच नाही. मागच्या बंपरच्या दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिकचे तुकडे मात्र हात लावताच बिस्किटासारखे चुरले. त्या काळच्या सगळ्याच कॅडिलॅकना हे दुखणं.

बॅटरी मेलेली. चारही टायर खाली. डॅशबोर्डच्या मधोमध हळदीचा पिवळा डाग. तीस दसरे तरी असतील.

२१ एप्रिल

मुद्दाम जुळवलेलं नाही, पण आज बरोबर ४८ वर्षं. २१ एप्रिल १९७६ला डेट्रॉईटच्या क्लार्क स्ट्रीट कारखान्यातून शेवटची एल्डोराडो कन्व्हर्टिबल बाहेर पडली. "शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल" म्हणून कंपनीने डंका पिटला होता. शेवटच्या दोनशे एकसारख्या पांढऱ्या, बॉनेटवर लाल-निळ्या रेघा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं दोनशेवं वर्ष होतं ना. आमच्या गाडीवर रेघा नाहीत. हे आधी तपासलं, खोटं कशाला.

त्या वर्षी अशा १४,००० गाड्या निघाल्या. लोकांनी सोन्यासारख्या घेऊन ठेवल्या. छापील किंमत ११,०४९ डॉलर, पण लगेच त्याच्या वर बोली लागल्या. मग १९८२मध्ये क्रायस्लरने कन्व्हर्टिबल पुन्हा आणली, १९८४ला खुद्द कॅडिलॅकने. "शेवटची" म्हणून पैसे मोजलेले लोक कोर्टात गेले. भाव बसले. काकांनी नेमकी १९८५ला घेतली, एका निवृत्त दंतवैद्याकडून. किर्लोस्करवाडीत पहिली नोकरी केलेला माणूस, भाव बसल्यावरच घेणार.

चौदा हजार लोकांनी जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ होत नाही. किमतीबद्दल जो आशा लावून बसेल त्याने हे आधी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही, ते पुढे येईलच.

२७ एप्रिल

टाकी सत्तावीस गॅलनची. त्यात बारा गॅलन सात वर्षांपूर्वीचं पेट्रोल, वास वार्निशसारखा. सायफनने पाच गॅलनच्या डब्यांत काढलं. काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी नेऊन देणार.

आठही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, रात्रभर ठेवलं. सकाळी पाना लावून क्रँक हाताने फिरवला. फिरला! ८.२ लिटरचं इंजिन, ताकद १९० हॉर्सपॉवर. माझ्या टोयोटाचं २.५ लिटरचं इंजिन २०३ देतं. काकांना हे एकदा सांगितलं होतं. "तुझी गाडी धावते, माझी निघते," म्हणाले होते.

४ मे

टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, फक्त काकांच्या नावावर. मिशिगनमध्ये वाहनांची नोंद सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात होते, आपल्याकडच्या आरटीओसारखं समजा. प्रोबेटला, म्हणजे वारसाहक्काच्या कोर्टात, न जाता वारसाच्या नावे गाडी करायची तर टीआर-२९ नावाचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि जुनं टायटल लागतं. काकू स्वतः आली, सही केली, नवं टायटल तिच्या नावावर. हे आधी करणं आवश्यक. दान करणारा म्हणून ज्याचं नाव लागायचं, टायटल त्याचंच हवं. पुष्कळ लोक गेलेल्या माणसाचं टायटल घेऊन टो ट्रकवाल्यासमोर उभे राहतात आणि तिथे अडतं.

प्लेट "हिस्टॉरिक" आहे. अशा प्लेटवर गाडी मिरवणूक, क्लबचे कार्यक्रम, दुरुस्तीची चाचणी एवढ्यासाठीच काढता येते. फक्त ऑगस्ट महिना मोकळा. ऑगस्ट का, ते डेट्रॉईटवाल्यांना सांगायला नको.

११ मे

रबरी पेट्रोल पाइप सगळे बदलले. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर आतून फुगतं. कार्ब्युरेटर क्वाड्राजेट, चार तोंडांचा. उघडला तर तळात तपकिरी पूड. आतला फ्लोट स्पंजासारख्या पदार्थाचा असतो, वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो आणि मग बुडतो. नवा टाकला. नवी बॅटरी, नवं इंधन पंप.

दुपारी चारला सेल्फ मारला. तिसऱ्या खेपेला सुरू झाली. निळा धूर, मग पांढरा, मग काही नाही. काकू किचनच्या दारातून बघत होती. "आवाज तोच आहे," म्हणाली आणि आत गेली.

१ जून

ब्रेक. १९७६च्या एल्डोराडोला चारही चाकांना डिस्क आहेत आणि मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा. उभ्या राहिल्या की हमखास जाम होतात. दोन्ही जाम होते. दुरुस्त केलेले मागवले, ३१० डॉलर. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड २२०९, म्हणजे २००९चा बाविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, रबर पंधरा वर्षांचं. चारही बदलले, ६४०.

काकू म्हणाली, "देणार आहोत ना रे? मग एवढे टायर कशाला?" मी म्हटलं, चालती गाडी आणि ओढून न्यायची गाडी यांच्या भावात फार फरक पडतो. हे खरंच आहे. लिलावात पहिला प्रश्न तोच असतो: स्वतःच्या बळावर ट्रकवर चढते का?

८ जून

दानाच्या करवजावटीसाठी तज्ज्ञ मूल्यांकन करून घेतलं. दोन तास, साठ फोटो, कागदावर १४,५०० डॉलर. फी ३५०. पाच हजारांच्या वर वस्तुरूपी दान असेल तर अधिकृत मूल्यांकन लागतं आणि ते दानाच्या आधी साठ दिवसांपेक्षा जुनं चालत नाही, असं वाचलं होतं. त्या हिशेबाने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याआत गाडी द्यावी लागेल. एक्सेलमध्ये तारखा टाकल्या. स्वतःवर खूश.

२२ जून

खूश नको व्हायला होतं.

वाचलं ते अर्धं वाचलं होतं. वाहनांसाठी वेगळा नियम आहे. आधी लोक "ब्लू बुक" या जुन्या गाड्यांच्या भावपुस्तकातली किंमत करवजावटीत लावायचे आणि संस्थेच्या हाती चिल्लर पडायची. संसदेच्या जीएओ या तपास कार्यालयाने २००३मध्ये ५४ दिलेल्या गाड्यांचा माग काढला, तर दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत देणाऱ्याने दाखवलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहून कमी रक्कम संस्थेला मिळाली होती. म्हणून २००४मध्ये कायदा बदलला, २००५पासून लागू. संस्थेने गाडी विकली, तर वजावट विक्रीच्या रकमेएवढीच, पाचशेच्या आत विकली गेली तर मात्र बाजारभाव किंवा पाचशे, जे कमी ते. मूल्यांकनाचा कागद कितीही गोड असो.

अपवाद आहेत. संस्था स्वतः गाडी भरपूर वापरणार असेल, तिच्यात मोठी सुधारणा करणार असेल, किंवा गरजू माणसाला फुकट अथवा अगदी स्वस्तात देणार असेल, तर बाजारभाव लावता येतो. पण साफसफाई, रंग, डेंट काढणं हे सुधारणेत धरत नाहीत. आणि गॅलनला दहा मैल देणारी कन्व्हर्टिबल घरोघरी जेवण पोचवायला कोण वापरणार?

तर आमच्या बाबतीत मूल्यांकनाची गरजच नव्हती. ३५० डॉलर पाण्यात. साठ दिवसांची घाईही गेली, एवढं बरं.

उलटा फायदा असा की विक्रीची रक्कम म्हणजे ढोबळ रक्कम, खर्च वजा करण्याआधीची. मधला दलाल कितीही कापो, काकूच्या फॉर्मवर पूर्ण आकडा येणार. पण आम्हाला दलालच नको होता. बऱ्याच संस्था गाड्या स्वीकारायचं काम बाहेरच्या कंपनीला देतात. कंपनी गाडी फुकट उचलते, घाऊक लिलावात घालते, आपला वाटा कापून उरलेलं संस्थेला देते. वीस वर्षांच्या बिघडलेल्या सेदानसाठी तेच सोयीचं. ही गाडी मात्र तिथे मातीमोल जाईल.

२९ जून

आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, यादीत संस्थेचं नाव शोधलं, ५०१(सी)(३) आहे, म्हणजे तिला दिलेल्या दानावर वजावट मिळते. खजिनदार बाईंना भेटलो. त्यांनी आतापर्यंत एकही गाडी थेट घेतलेली नव्हती. मी म्हटलं, टायटल संस्थेच्या नावे, जुन्या गाड्यांच्या ऑनलाइन लिलावात विक्रेता म्हणून संस्थाच, फोटो आणि प्रश्नोत्तरं माझ्याकडे. त्यांनी दोन आठवडे मागितले. संचालक मंडळाची बैठक असते म्हणे. ती सगळीकडे असते.

१३ जुलै

सीएचं काम करणारा मित्र, मूळचा साताऱ्याचा. काकूचे कागद पाहिले आणि हसला.

"काकू, तुम्ही शहात्तर वर्षांच्या, एकट्या. २०२४चं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च न दाखवता मिळणारी ठराविक वजावट, १४,६०० आणि पासष्टच्या वरचे म्हणून १,९५०. एकूण १६,५५०. गाडी दिल्याचा फायदा त्याच्या वर गेलात तरच." घराचं कर्ज कधीच फिटलेलं. घरपट्टी आणि राज्याचा कर मिळून ४,८५०, देणग्या एक हजार. म्हणजे गाडी १०,७०० डॉलरच्या वर विकली गेली तर पुढच्या प्रत्येक डॉलरवर बारा सेंट.

मग त्याने खरी युक्ती सांगितली. गाडी तुम्हीच विका. पैसे बँकेत ठेवा. काका गेले त्या दिवशीची किंमत हीच तुमची खरेदी किंमत धरली जाते, तेव्हा नफ्यावरचा कर जवळजवळ नाहीच. आणि तेवढीच रक्कम तुमच्या आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यातून थेट संस्थेला पाठवा. साडेसत्तर वर्षांच्या पुढे हे चालतं, या वर्षी १,०५,०००पर्यंत. दरवर्षी सक्तीने काढायच्या रकमेत ते धरतात आणि उत्पन्नात येतच नाही. दहा-अकरा हजारांवर हजार-तेराशे डॉलर कर वाचेल. संस्थेला तेवढेच मिळतील.

मी मान डोलावत होतो. इतकं स्वच्छ गणित क्वचित दिसतं, आणि ज्याच्याकडे देण्यासारखी गाडी नि आयआरए दोन्ही आहे त्याने हाच मार्ग आधी तपासावा, हे माझं आजही मत आहे.

काकूने चहाचे कप उचलले. "म्हणजे यांच्या गाडीचे पैसे मी ठेवायचे आणि दुसऱ्या पिशवीतले द्यायचे. मग गाडी दिली असं होत नाही."

"काकू, पैसा तोच."

"तुम्हा दोघांना तोच."

विषय संपला. एक्सेलची ती शीट मी पुसलेली नाही.

२७ जुलै

संचालक मंडळाचा होकार आला.

आता छत. या गाड्यांचं छत बाजूने आत दुमडत मागे जातं, म्हणून मागची सीट पूर्ण रुंद राहते. एकच मोटर, तिच्यातून दोन लवचीक केबल, दोन्ही बाजूंना दातऱ्यांची पेटी. एक बाजू पुढे गेली की सांगाडा पिळतो आणि मग तो सरळ करणारा माणूस शोधत फिरा. आमची डावी बाजू दोन इंच जाऊन थांबते. पेटी उघडली, दातरे झिजलेले. जुन्या भागांच्या विक्रेत्याकडे एक मिळाली, तीही डाव्या बाजूची निघेना.

काकू मागून: "ते लोक छत उघडून आमटी वाढणार आहेत का?"

थांबलो. खरं म्हणजे कन्व्हर्टिबलचं छत उघडत नसेल तर बोली पडतेच, पण हजारभर खर्चून कदाचित हजारभरच वाढली असती. टायर आणि ब्रेक संस्थेसाठी होते. छत मी माझ्यासाठी करत होतो. लिलावाच्या वर्णनात सरळ लिहायचं: छत बंद स्थितीत आहे, डावी पेटी निकामी, चालवून पाहू नये.

१७ ऑगस्ट, शनिवार

वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पाँटियाकपर्यंत वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग. काकूला विचारलं. नको म्हणाली, मग दुपारी दोनला साडी बदलून आली. छत बंद, एसी बंद, खिडक्या उघड्या. वुडवर्डवर बारा मैल जायला पावणेदोन तास. इंजिनाचं तापमान चढलं नाही, ही माझ्यासाठी खरी चाचणी. रॉयल ओकला फूटपाथवर खुर्ची टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने हात करून विचारलं, "क्लार्क स्ट्रीट?" काकूनेच मान हलवली.

परत येताना डाव्या मागच्या चाकाशी थोडी घरघर. पाहिलं, नव्या कॅलिपरचा बोल्ट सैल. माझीच चूक.

७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. १९९०च्या दशकात मंडळाचा गणपती याच गाडीच्या मागच्या सीटवरून हॉलपर्यंत यायचा, छत उघडून, पोलिसाला आधी कळवून. यंदा मिनिव्हॅनमधून आला. कोणाला काही वाटलं नाही, निम्मी मंडळी तेव्हा जन्मलीही नव्हती.

लिलावासाठी ११० फोटो काढले. डॅशबोर्डवरचा हळदीचा डाग पुसायला घेतला, साबणाच्या पाण्याने फिका झाला पण गेला नाही. फोटोत ठेवला. वर्णनात लिहिलं: सणाला वाहनाची पूजा करतात, त्याची खूण.

२१ सप्टेंबर

हस्तांतर. काकूने टायटलच्या मागे सही केली, खरेदीदाराच्या जागी संस्थेचं नाव. ती जागा कोरी सोडायची नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. पुढे गाडीने कुठे काही केलं तर नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते. प्लेट काढून घेतली, मिशिगनमध्ये प्लेट गाडीबरोबर जात नाही. विमा कंपनीला कळवलं.

गाडी स्वतःच्या बळावर फ्लॅटबेडवर, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या सपाट ट्रकवर, चढली. पुढची चाकं ओढणारी गाडी, त्यामुळे पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही, हे ट्रकवाल्याला दोनदा सांगितलं. त्याला ते माहीत होतं.

१९ ऑक्टोबर

लिलाव संपला. १०,९०० डॉलर. शेवटची दहा मिनिटं दोघंच भिडले होते. हळदीच्या डागाबद्दल तीन प्रश्न आले, छताबद्दल अकरा. गाडी ओहायोला गेली.

मूल्यांकनकर्त्याचे १४,५०० आठवले. छताचे किती आणि चौदा हजार भावंडांचे किती, ते कोण सांगणार.

११ नोव्हेंबर

फॉर्म १०९८-सी आला, दान मिळालेल्या गाडीबद्दल संस्थेने देणाऱ्याला द्यायचा. विक्रीच्या तीस दिवसांत द्यावा लागतो, खजिनदार बाईंनी तेवीसाव्या दिवशी पाठवला. ढोबळ विक्री १०,९००, बदल्यात देणाऱ्याला काही दिलं नाही, हेही लिहिलेलं. पहिल्यांदाच भरला म्हणून त्यांनी दोनदा फोन करून रकाने विचारले होते. सोबत काकूला हाताने लिहिलेलं पत्र. ते मी वाचलं नाही.

१ फेब्रुवारी २०२५

काकूचं रिटर्न. १०,९०० अधिक ४,८५० अधिक १,०००, एकूण १६,७५०. स्टँडर्ड डिडक्शनपेक्षा दोनशेने जास्त. वस्तुरूपी दानाच्या फॉर्म ८२८३चा भाग अ आणि १०९८-सीची प्रत जोडली. रक्कम पाच हजारांच्या वर असूनही भाग अच, कारण वजावट विक्रीच्या रकमेएवढी आहे. दोनशेवर बारा टक्के.

चोवीस डॉलर.

काकूला सांगितलं. तिने एक क्षण विचार केला. "यांनी टाकीत टाकले असते."

माझा खर्च: बॅटरी १६०, पाइप-पंप-कार्ब १४५, कॅलिपर ३१०, टायर ६४०, मूल्यांकन ३५०, किरकोळ १२०. एकूण १,७२५, वजावटीत काही नाही. टायरचे आणि ब्रेकचे पुन्हा घातले असते. मूल्यांकनाचे नाही.

बाकी राहिलेलं काम: गराजच्या फरशीवरचा तेलाचा डाग. मांजराची वाळू टाकून दोनदा झाडला. थोडा उरला आहे.